पत्र्याच्या पेटीतील छिद्र आणि पंपाची सुरक्षितता

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठाने पसरलेल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यास गंगथडी म्हणतात. गेवराई तालुका हा या गंगथडीचा भाग होय. १९७६ साली पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. तालुक्यातील उमापूर व भोवतालच्या गावांत कापूस, तूर, बाजरी, ऊस आणि मोसंबी ही पिके घेतली जातात. या पिकांना पाणी देण्याचे काम एके काळी मोटेने होत असे, पुढे तेलाच्या इंजिनाने होऊ लागले आणि आता ते बहुतेक ठिकाणी विजेच्या मोटारीवर येऊन ठेपले आहे. मोटार विहिरीत किंवा विंधन विहिरीत असली तरी तिचा कारभार बाहेरच्या एका पत्र्याच्या पेटीतून चालतो. ही पेटी म्हणजेच आपला स्टार्टर.

स्टार्टर घेताना त्यास कारखान्यातूनच काही छिद्रे केलेली असतात. परंतु शेतकऱ्याच्या गरजा तेवढ्यावर थांबत नाहीत. पहिल्या वर्षी तो त्यास ऑटो स्विच जोडतो, दुसऱ्या वर्षी कपॅसिटर बसवितो, तिसऱ्या वर्षी अँपिअर मीटर लावतो आणि अलीकडे घरबसल्या मोटार चालू करता यावी म्हणून मोबाईल स्टार्टरही आणतो. या प्रत्येक नव्या साधनाबरोबर एक केबल, एक दिवा, एक बटन किंवा एक अँटेना पेटीत शिरावयाची असते. आणि प्रत्येकासाठी पत्र्यास नवे छिद्र पाडावे लागते. हे काम क्षुल्लक समजून बहुधा घाईने उरकले जाते. छिन्नी आणि हातोडी घेऊन पत्र्यास खिंडार पाडले जाते व त्यातून केबल ओढून घेतली जाते. वास्तविक पाहता स्टार्टरच्या अनेक बिघाडांचे मूळ या खिंडारात असते. म्हणून पत्र्याच्या पेटीस घरच्या घरी, साध्या हत्यारांनी नेटके छिद्र कसे पाडावे याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

वेड्यावाकड्या छिद्राचे दुष्परिणाम

छिन्नीने पाडलेल्या छिद्राची कड करवतीसारखी दातेरी असते. मोटार चालू होताना व बंद होताना पेटीतील कॉन्टॅक्टर धक्का देतो. वाऱ्याने केबल हालते. उन्हाळ्यात पत्रा तापून केबलचे आवरण मऊ पडते. अशा स्थितीत ती दातेरी कड दिवसेंदिवस आवरणात रुतत जाते. एक दिवस ती आतील तांब्याच्या तारेपर्यंत पोहोचते आणि मग संपूर्ण पेटीच विद्युत्भारित होते. आर्थिंग चांगले असेल तर फ्यूज उडतो व अनर्थ टळण्याची आशा असते. आर्थिंग सुटलेले असेल तर मात्र काहीच घडत नाही. पेटी पूर्वीसारखीच दिसते. रात्रीच्या पाळीला ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून जो तिचे झाकण उघडेल, त्याच्या जिवाशी गाठ पडते. हा धोका वर्षानुवर्षे डोळ्यांआड वाढत राहतो, हेच त्याचे भयंकर स्वरूप आहे.

दुसरा दुष्परिणाम म्हणजे अनाहूत पाहुण्यांचा प्रवेश. केबलीभोवती बोटभर जागा राहिली की पाल, मुंग्या, झुरळे आणि गांधीलमाशा यांना पेटीचे दार उघडेच मिळते. थंडीच्या दिवसांत कॉन्टॅक्टरची ऊब त्यांना आकर्षित करते. दोन फेजांच्या मधोमध पाल आली की ती तर मरतेच, शिवाय संपर्कबिंदूही जळतात. मुंग्यांनी आणलेली माती संपर्कबिंदूंच्या मध्ये साचली की तिन्ही बिंदू सारखे चिकटत नाहीत, एक फेज तुटते व मोटार दोन फेजांवर कण्हत राहते. रिलेने वेळीच काम केले नाही तर वाइंडिंग जळून जाते. कालव्याचे आवर्तन चालू असताना किंवा कापसाला बोंडे धरण्याच्या वेळी मोटार जळणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिनाच होय.

तिसरी गोष्ट गंजाची. रंग उडालेल्या उघड्या कडेवर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. तो रंगाखालून पसरत जातो व दोन-तीन वर्षांत छिद्राभोवतीचा पत्रा खपलीसारखा गळू लागतो. मग ग्लँड सैल होतो, केबल लोंबू लागते आणि तिचा सारा भार आतील जोडांवर येतो. म्हणजे एका ओबडधोबड छिद्रापासून तारेचे, मोटारीचे आणि माणसाचे असे तीन प्रकारचे नुकसान संभवते. नेटके छिद्र ही केवळ दिसण्याची हौस नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आपले काम कोणते आणि तारतंत्र्याचे कोणते

या ठिकाणी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. पत्रा कापणे, घासणे, रंगविणे ही कामे शेतकऱ्याने अवश्य करावीत. विजेची जोडणी सोडविणे व पुन्हा करणे हे काम मात्र परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. विद्युत सुरक्षेच्या नियमांचाही तसाच दंडक आहे. सर्वांत उत्तम मार्ग असा की, तारतंत्र्याकडून पेटीतील जोडण्या सोडवून घ्याव्यात, आतील सर्व साहित्य तबकडीसह बाहेर काढून ठेवावे आणि रिकामी पेटी घरी आणून तिच्यावर काम करावे. नवी पेटी घेतली असेल तर ती विहिरीवर बसविण्यापूर्वीच सर्व छिद्रे पाडून घ्यावीत. भिंतीवर टांगलेल्या, वीज असलेल्या पेटीस छिद्र पाडण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा.

स्टार्टर बंद आहे म्हणजे वीज बंद आहे असे समजू नये. अनेक फीडरांवर तीन फेजची वीज काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशा पाळीने येते. ऑटो स्विच किंवा मोबाईल स्टार्टर जोडलेला असेल तर वीज येताच मोटार आपोआप चालू होऊ शकते. म्हणून मेन स्विच पाडून तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ भार शिल्लक राहतो. तो उतरल्याची खात्री तारतंत्र्याने करून दिल्याशिवाय त्याच्या टोकांना हात लावू नये.

लागणारे साहित्य

हे काम करण्यास मोठ्या कारखान्याची गरज नाही. पुढील साहित्य बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी असते, अथवा तालुक्याच्या गावी सहज मिळते: पोलादी पट्टी व गुण्या, रेघ मारण्यासाठी अणकुचीदार सुई, कंपास, सेंटर पंच, हातोडी, हॅक्सॉ पाते, चपटी, अर्धगोल व गोल अशा तीन कानशी, पत्रा आवळून धरण्यासाठी व्हाइस किंवा दोन शिकंजे, लाकडाचा ठोकळा, पॉलिश पेपर, ब्रश, लोहचुंबक, रेड ऑक्साइड किंवा जस्तयुक्त प्रायमर आणि रंगाचा छोटा डबा. हाताचे ड्रिल चालेल. विजेचे ड्रिल असल्यास काम लवकर होते.

याखेरीज दोन हत्यारे विशेष उपयुक्त आहेत. पहिले पायऱ्यांचे ड्रिल. हे भोवऱ्यासारखे निमुळते असून त्यास पायऱ्या असतात व एकाच हत्याराने लहानापासून मोठ्यापर्यंत अनेक मापांची गोल छिद्रे पाडता येतात. दुसरे पंच व डायची जोडी. आधी पाडलेल्या लहान छिद्रातून बोल्ट ओवून एका बाजूस डाय व दुसऱ्या बाजूस पंच बसवावयाचा आणि पान्याने बोल्ट आवळीत जावयाचे. पत्र्याची गोल चकती सुटून येते व मागे अतिशय स्वच्छ छिद्र राहते. कीसही फारसा पडत नाही. ही जोडी प्रत्येकाने विकत घेण्याची आवश्यकता नाही. गावातील शेतकरी गटाने किंवा अवजार बँकेने एक संच ठेवला तर तो साऱ्या शिवाराला पुरेल.

छिद्राचे माप आधी, हत्यार नंतर

पुष्कळांची पद्धत अशी असते की, हाती असेल त्या हत्याराने छिद्र पाडावयाचे आणि मग त्यात काय बसते ते पाहावयाचे. ही पद्धत उलटी आहे. प्रथम बसवावयाची वस्तू आणावी, तिचे माप घ्यावे व त्याप्रमाणे छिद्र आखावे.

केबल पेटीत नेण्यासाठी ग्लँड वापरतात. ग्लँडच्या आट्यांच्या बाहेरील व्यासाहून छिद्र किंचित, म्हणजे पाव ते अर्धा मिलिमीटर मोठे असावे. एम २० या मापाच्या ग्लँडच्या आट्यांचा व्यास २० मि.मी. व एम २५ चा २५ मि.मी. असतो. पीजी ११ चा १८.६, पीजी १३.५ चा २०.४, पीजी १६ चा २२.५ आणि पीजी २१ चा २८.३ मि.मी. असतो. पीजीच्या पुढील आकडा हा मिलिमीटर नव्हे, हे लक्षात ठेवावे. अन्यथा १६ मि.मी.चे छिद्र पाडून ठेवाल आणि ग्लँड आत जाणार नाही. ग्लँड निवडताना तो किती जाडीची केबल पकडतो हेही पाहावे. सैल ग्लँड व नुसते भोक यांत फरक तो काय?

पॅनेलवरील खुणेचे दिवे व दाबावयाची बटने बहुधा २२.५ मि.मी.च्या छिद्रात बसतात. ९६ मि.मी. चौरस तोंडाच्या मीटरला ९२ मि.मी. चौरस व ७२ मि.मी. तोंडाच्या मीटरला ६८ मि.मी. चौरस छिद्र लागते. मोबाईल स्टार्टरच्या अँटेनेचा जो बारीक पितळी आट्यांचा कनेक्टर असतो, त्यास बहुधा साडेसहा मि.मी. छिद्र पुरते. तरीही प्रत्यक्ष वस्तू मोजल्यावाचून पत्र्यास हत्यार लावू नये.

छिद्राची जागा

केबलीसाठी छिद्र नेहमी पेटीच्या तळास असावे. पेटीच्या माथ्यावर छिद्र पाडणे म्हणजे पावसाला निमंत्रण देणे होय. बाजूस पाडणे भाग पडले तर केबल आत शिरण्यापूर्वी खाली झोळासारखी वळवून घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. छिद्राच्या मागे आत काय आहे, ग्लँडचा चेकनट फिरविण्यास जागा आहे किंवा नाही, झाकण लावल्यावर मीटरची पाठ कॉन्टॅक्टरला भिडणार नाही ना, या गोष्टी आधीच तपासाव्यात. दोन ग्लँडांच्या मध्ये पाना फिरण्याइतके अंतर सोडावे.

आणखी एक नियम फारसा माहीत नाही. लोखंडी पत्र्यात तिन्ही फेजांच्या सुट्या तारा तीन वेगवेगळ्या छिद्रांतून नेऊ नयेत. एकेकट्या तारेभोवती निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र तिच्या सभोवतालच्या लोखंडात फिरते व पत्रा तापतो. प्रवाह जितका अधिक, तितकी उष्णता अधिक. तिन्ही तारा एकाच छिद्रातून नेल्या की ही क्षेत्रे एकमेकांस निष्प्रभ करतात. म्हणून तिन्ही फेजांना एकच वाट द्यावी.

गोल छिद्र पाडण्याची कृती

ज्या जागी छिद्र पाडावयाचे तेथे कागदी चिकटपट्टी लावावी. तिच्यावर रेघा स्पष्ट उमटतात व हत्यार घसरले तरी रंग खरवडला जात नाही. गुण्याने एकमेकींस छेदणाऱ्या दोन रेघा माराव्यात; त्या जेथे मिळतात तेथे सेंटर पंच ठेवून हातोडीचा एकच नेमका ठोका द्यावा. ही खळी ड्रिलला घसरू देत नाही. मग कंपासाने अपेक्षित मापाचे वर्तुळ काढावे, म्हणजे छिद्र एका बाजूस सरकू लागल्यास लगेच कळते.

पत्र्याच्या मागे लाकडी ठोकळा घट्ट आवळावा. पातळ पत्रा हाताने धरून ड्रिल करणे अत्यंत धोक्याचे आहे. ड्रिल आरपार जाण्याच्या क्षणी ते पत्र्यास पकडते व पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरून हात कापतो. प्रथम ३ मि.मी.चे मार्गदर्शक छिद्र पाडावे व नंतर ते पायऱ्यांच्या ड्रिलने वाढवीत न्यावे. प्रत्येक पायरीस थांबून पाहावे आणि हव्या त्या पायरीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, नाहीतर हत्यार नकळत पुढच्या मापात शिरते.

साध्या ड्रिलने पातळ पत्र्यात मोठे छिद्र पाडले असता ते गोल न होता तिकोनी होते, हे अनेकांच्या पाहण्यात आले असेल. याचे कारण असे की, ड्रिलची संपूर्ण रुंदी पत्र्यात शिरण्यापूर्वीच त्याचे टोक पलीकडे निघून गेलेले असते. मग त्यास मधोमध धरून ठेवणारे काहीच उरत नाही व ते डगमगू लागते. मागे लाकूड आवळले आणि ड्रिलच्या टोकाखाली जाड कापडाची चौपदरी घडी ठेवली तर हा डगमग पुष्कळ कमी होतो.

गती हा दुसरा महत्त्वाचा विषय. छिद्र जितके मोठे, तितके फेरे कमी ठेवावेत. सौम्य पोलादासाठी ३ मि.मी.च्या ड्रिलला मिनिटास सुमारे ३,००० फेरे चालतात, १० मि.मी.ला सुमारे ९००, तर २२ मि.मी.ला ४०० हून अधिक देऊ नयेत. अधिक गती दिल्यास हत्याराची धार निळी पडून मरते. मधूनमधून तेलाचा थेंब सोडावा. भिंतीस ठोकत छिद्र पाडण्याचा जो खटका विजेच्या ड्रिलला असतो, तो या कामी बंद ठेवावा.

मोठे ड्रिल नसल्यास माळेची रीत वापरावी. समजा, २८ मि.मी.चे छिद्र हवे आहे व आपल्याजवळ ४ मि.मी.चे ड्रिल आहे. २८ मधून ड्रिलचे ४ व कानशीसाठी १ वजा केले की २३ उरतात. मूळ वर्तुळाच्या आत २३ मि.मी. व्यासाचे दुसरे वर्तुळ काढावे. त्याचा परीघ सुमारे ७२ मि.मी. होतो. त्यावर साडेचार मि.मी.च्या अंतराने सोळा खुणा करून सोळा छिद्रे पाडावीत. त्यांच्या मधील अर्ध्या मिलिमीटरच्या भिंती बारीक छिन्नीने तोडल्या की मधली चकती सुटते. राहिलेला कंगोरा अर्धगोल कानशीने बाहेरच्या रेघेपर्यंत घासावा. या रीतीने वेळ अधिक लागतो, परंतु ड्रिलने पाडलेल्या छिद्राहून ते तसूभरही कमी ठरत नाही. आपल्या गावातील लोहारांना ही रीत फार दिवसांपासून अवगत आहे.

चौकोनी व लांबट छिद्र

मीटरसाठी चौकोनी छिद्र पाडताना प्रथम गुण्याने चौकोन आखावा व त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे भरले तरच चौकोन काटकोनी आहे असे समजावे. रेघेच्या आत एक मि.मी. सोडून चारी कोपऱ्यांत १० मि.मी.ची छिद्रे पाडावीत. त्यांतून हॅक्सॉचे पाते घालून कडेच्या आतून कापावे. पाते शिरत नसल्यास चारी बाजूंनी माळेची रीत वापरावी. शेवटचा एक मिलिमीटर मात्र कानशीनेच काढावयाचा असतो. दोन सरळ लोखंडी पट्ट्या पत्र्याच्या दोन्ही अंगांस नेमक्या रेघेवर आवळल्या की कानस पट्टीवर टेकते व कड आपोआप सरळ येते. दर थोड्या वेळाने मीटर लावून पाहावा. सुईच्या कामाला दाभण घालू नये, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. कारण घासून वाढविलेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही.

पाणबुडी मोटारीची केबल बहुधा चपटी असते. तिच्यासाठी गोल ग्लँड वापरल्यास दोन्ही अंगांस फटी राहतात व पालीला वाट मिळते. चपट्या केबलीस योग्य अशा आतील रबराचा ग्लँड मिळाल्यास तो घ्यावा. न मिळाल्यास लांबट छिद्र करावे. त्यासाठी केबलीची रुंदी व जाडी मोजून प्रत्येक बाजूस दोन मि.मी. अधिक धरावेत, दोन टोकांस दोन गोल छिद्रे पाडावीत व मधला भाग कापून चपट्या कानशीने सरळ करावा. मग जाड रबराच्या तुकड्यास केबलीहून किंचित लहान अशी चीर पाडून तो पेटीच्या आतून छिद्रावर ठेवावा आणि वरून पट्टी देऊन चार स्क्रूंनी आवळावा. केबल चिरेतून घट्ट जाते व पत्र्यास मुळीच टेकत नाही. पेटीच्या बाहेर केबलीस स्वतंत्र आधार द्यावा, म्हणजे तिचा भार रबरावर येणार नाही. उन्हाने रबर तडकते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते तपासावे.

कापसाची कसोटी

छिद्र पाडून झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. खरे काम येथूनच सुरू होते. प्रत्येक छिद्राच्या पाठीमागील बाजूस पत्र्याची बारीक, वस्तऱ्यासारखी धार उभी राहते. कारागीर तिला बर म्हणतात. डोळ्यांना ती दिसत नाही, परंतु तारेचे आवरण कापण्यास ती पुरेशी असते. गोल किंवा अर्धगोल कानस कडेशी तिरपी धरून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवावी व नंतर पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करावी. छिद्राहून मोठे ड्रिल हातात धरून कडेवर दोन-चार वेळा फिरविल्यासही बर निघून जाते.

कड गुळगुळीत झाली की नाही हे बोट फिरवून पाहू नये; बोट कापते आणि खात्रीही पटत नाही. आपल्या घरात याहून चांगले परीक्षक आहे, ते म्हणजे कापूस. कापसाचा लहानसा बोळा घेऊन छिद्राच्या कडेवरून आतून व बाहेरून सावकाश फिरवावा. जेथे बर राहिली असेल तेथे तंतू अडकून राहतो. त्या जागी पुन्हा कानस लावावी व पुन्हा कापूस फिरवावा. एकही तंतू अडकेनासा झाला म्हणजे छिद्र उत्तीर्ण झाले. जी कड कापसाचा तंतू पकडीत नाही, ती तारेचे आवरणही कापणार नाही. ही कसोटी नव्या पेटीतील कारखान्याच्या छिद्रांसही लावून पाहावी.

साफसफाई, रंग आणि आर्थिंग

पत्र्याचा कीस हा स्टार्टरचा छुपा शत्रू आहे. लोखंडाचा एक लहान कण कॉन्टॅक्टरच्या चुंबकात अडकला तरी तो घरघर करू लागतो. दोन टोकांच्या मध्ये पडला तर ठिणगी उडते. म्हणून कीस ब्रशने झाडून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक पेटीच्या कानाकोपऱ्यांतून फिरवावे. पिशवी उलटी केली की कीस सहज वेगळा होतो. तोंडाने फुंकू नये. कण डोळ्यांत जातात.

उघड्या कडेवर त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा व तो वाळल्यावर रंग लावावा. याला एकच अपवाद आहे. आर्थिंगचा बोल्ट जेथे बसतो तेथील रंग मात्र खरवडून पत्रा स्वच्छ केला पाहिजे, कारण रंग हा विजेचा अडसर आहे. रंगावरच आवळलेले आर्थिंग हे दिसण्यापुरते असते. बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावावे. झाकण वेगळे निघणारे असेल तर झाकणास व पेटीस जोडणारी आर्थिंगची तारही तारतंत्र्याकडून बसवून घ्यावी.

रंग वाळल्यावर ग्लँड बसवावा. त्याचा रबरी वायसर बाहेरच्या अंगास व चेकनट आतल्या अंगास यावा. ग्लँड न वापरता बारीक तार न्यावयाची असेल तर छिद्रास रबरी ग्रोमेट लावल्याशिवाय ती नेऊ नये. पूर्वीची जी छिद्रे आता उपयोगात नाहीत, ती बुचाने किंवा पत्र्याची चकती व रबर लावून बंद करावीत. शेवटी रात्री पेटीच्या आत पेटलेली विजेरी ठेवून झाकण लावावे व बाहेरून पाहावे. जेथून उजेड दिसतो, तेथून पालही शिरू शकते, हे ओळखून ती फट बंद करावी. कारखानदारांनी मुद्दाम ठेवलेल्या हवेच्या झरोक्यांना मात्र बारीक जाळी लावावी. ते बुजवू नयेत.

काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा. धोतराचा सोगा, उपरणे किंवा साडीचा पदर फिरत्या ड्रिलजवळ येऊ देऊ नये. ड्रिल चालविताना हातमोजे घालू नयेत, कारण ते हत्यारात गुंततात. कापलेला पत्रा उचलताना मात्र अवश्य घालावेत.

सौर पंपाबाबत विशेष सूचना

केंद्र शासनाची २०१९ सालची कुसुम योजना आणि राज्य शासनाची २०२४ सालची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे सौर पंपांची संख्या वाढत आहे. या पंपाच्या नियंत्रक पेटीस शेतकऱ्याने कोणतेही छिद्र पाडू नये. तसे केल्यास पेटीचा जलरोधकपणा नष्ट होतो व दुरुस्तीची हमी धोक्यात येते. शिवाय सूर्य असेपर्यंत सौर पट्ट्यांकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच. तेथे फ्यूज काढून पूर्ण निश्चिंत होता येत नाही. ही वीज एकदिश असल्यामुळे तिची ठिणगी सहज विझत नाही. एखादे जादा साधन बसवावयाचे झाल्यास पुरवठादाराच्या तंत्रज्ञास विचारावे आणि त्याने संमती दिल्यास शेजारी स्वतंत्र पेटी लावून घ्यावी.

उन्हाळ्यातील एक दिवस

कापसाची वेचणी संपून शेत नांगरून झाले की पावसाळ्यापूर्वी शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. अवजारांना तेलपाणी करण्याचा हा काळ. याच काळात तारतंत्र्यास बोलावून स्टार्टरची पेटी एकदा उघडून पाहावी. प्रत्येक छिद्रातून जाणारी केबल पत्र्यास टेकते का, ग्लँड सैल आहे का, कडेस गंज आहे का, आर्थिंगची तार शाबूत आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. ज्या छिद्राचे उत्तर समाधानकारक येणार नाही, ते या लेखात सांगितल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. एका पेटीस अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागणार नाही आणि ग्लँड, ग्रोमेट व रंग यांचा खर्च मोटारीचे वाइंडिंग पुन्हा भरण्याच्या खर्चापुढे अगदीच अल्प आहे.

गावातील तरुणांनी हे काम शिकून घेतल्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पेट्याही दुरुस्त होतील. शेतकरी गटांनी एखाद्या दिवशी गावातील पाच-दहा रिकाम्या पेट्या एकत्र आणून लोहार व तारतंत्री यांच्या मदतीने हे प्रात्यक्षिक करावे. आपल्या विहिरीवरील पेटीचे झाकण रात्री-अपरात्री आपण उघडतो, कधी घरातील स्त्रिया उघडतात, कधी शाळेत जाणारा मुलगाही उघडतो. त्या प्रत्येकाच्या हाताचे रक्षण पत्र्याची एक गुळगुळीत कड करीत असते, याचा शेतकरी बंधुभगिनींनी विचार करावा व यंदाच्या पहिल्या पावसापूर्वी आपल्या पेटीतील प्रत्येक छिद्रावरून कापसाचा बोळा एकदा फिरवून पाहावा.